रेसिडेंटच्या स्पायनलला क्युसम लावायचा की "हात बघून कळतं"?

भूलवाली_कोथरूड: स्पायनल म्हणजे पाठीत सुई घालून दिलेली भूल, रेसिडेंट म्हणजे ती शिकणारा डॉक्टर, आणि क्युसम म्हणजे प्रत्येक केस जमली की फसली यावरून पुढे ओढत नेलेली रेघ, कारखान्यातल्या मालाच्या तपासणीतून आलेली. परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "क्युसम लावणं म्हणजे रेसिडेंटला बेअरिंग समजणं. अनुभवी सरांना हात बघून कळतं." खाली बदामांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून इथे लिहितेय. हात बघून काय कळतं हो? पोरगा सरांचा लाडका आहे की नाही, एवढंच. मी शिकले तिथे (कॉलेज विचारू नका) परीक्षेच्या तोंडावर लॉगबुकं एका बैठकीत भरली जायची, एकच पेन, एकच अक्षर, आणि सह्या गठ्ठ्याने. किती स्पायनल केल्या ते असायचं, त्यातल्या किती सिनियरने सुई हातातून काढून घेऊन बसवल्या ते कुठेच नाही.

नुसता आकडा काय सांगतो? कोनराडच्या १९९८ च्या अभ्यासात इंट्युबेशनमध्ये (श्वासनलिकेत नळी घालण्यात) ९० टक्के यश यायला सरासरी ५७ लागल्या. सरासरी! एखाद्याला ३० पुरतात, एखाद्याला १०० नाही पुरत. त्या दोघांतला फरक त्याच्या स्वतःच्या आलेखाशिवाय दिसणार कसा?

थर्डइयर_थकलेला: मॅडम, रात्री तीनला सिझर, चारला दुसरं, त्यात रेघ कोण ओढणार? आधीच कागद काय कमी आहेत? आणि केस वाटतं कोण? लाडक्याला पंचवीस वर्षांची सडपातळ बाई, मला शंभर किलोची, मणका वाकडा, बसताही येत नाही. चार्टवर दोघांची "फसली" सारखीच. शिवाय डीआरपीला (रेसिडेंटची जिल्हा रुग्णालयातली सक्तीची ड्युटी) तीन महिने जिल्ह्याला जातो तिथे तुमचा आलेख कोण चालवणार, राहायची धड सोय नाही तिथे आणि

भूलवाली_कोथरूड: डीआरपीचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर. अवघड पाठीचं बरोबर आहे, त्या केस वेगळ्या मोजाव्यात. पण हिशोब तर बघ. १० टक्के फसणं चालेल, २० टक्के नाही, असं धरलं तर जमली की रेघ ०.१४५ खाली, फसली की ०.८५५ वर. म्हणजे एक फसलेली भरून काढायला साधारण सहा जमायला हव्यात. दोन्हीकडे चुकीच्या निकालाची (कच्चा पास, चांगला नापास) शक्यता १० टक्के धरली तर २.७ च्या आसपास खाली आलास की पास. सलग १९ जमल्या की सुटलास. लाडका असो नसो.

भोसरी_क्वालिटी: पेज नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे क्युसम काढलं ते आमच्यासारख्या कारखान्यातल्या क्वालिटीवाल्यांसाठीच. ऑपरेटरने स्वतःचं रीडिंग स्वतः भरलं की सगळे आकडे कसे छान मधोमध येतात, बघायला या एकदा. तुमचा रेसिडेंट "फसली" स्वतःच्या हाताने लिहील? भाबड्या आहात.

नारायणपेठ_४११०३०: तुमचे आलेख राहू द्या. आमच्या हिला सिझरला तीनदा टोचलं, शिकाऊ पोरगी होती, आज मुलगी सातवीत आहे तरी पाठ दुखते. त्याचा चार्ट कुठंय?

सातारारोड_मावशी: अगदी! माझ्या जावेचंही तेच. ते पाठीतलं इंजेक्शन घेतलं की बाई आयुष्यातून उठते. आमच्या वेळी कुठे होतं हे.

भूलवाली_कोथरूड: झालं, आलं पाठीवर. तीनदा टोचल्याने चार-आठ दिवस ती जागा दुखते. वर्षानुवर्षं नाही. एपिड्युरल (बाळंतपणाच्या कळा कमी करायला पाठीतून बारीक नळीने दिलेलं औषध) घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झालीये, दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक सापडलेला नाही. नऊ महिने पोट वाहिलं, मग वाकून बाळ उचललं, त्याने दुखते. सुईने खरं दुखतं ते डोकं, बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी, आणि तेही जाड, धारदार टोकाच्या क्विंके सुईने जास्त, पेन्सिल टोकाच्या व्हिटाकरने कमी.

नारायणपेठ_४११०३०: म्हणजे आमची बायको खोटं बोलते?

भूलवाली_कोथरूड: दुखत नाही असं मी कुठे म्हटलं? कारण वेगळं म्हटलं. नीट वाचा.

सातारारोड_मावशी: डॉक्टर लोक एकमेकांना सांभाळून घेणारच. मणक्यात सुई घालता आणि काही होत नाही म्हणे.

थर्डइयर_थकलेला: मावशी, मज्जारज्जू मोठ्या माणसात पहिल्या लंबर मणक्याशी संपतो, आम्ही त्याच्या खाली टोचतो. रोज दहा नातेवाईकांना हेच सांगतो मी. सुई मारायला दोन मिनिटं, समजवायला वीस.

नारायणपेठ_४११०३०: शिकायचं तर बाहुल्यावर शिका ना! आमच्या बायकांवर कशाला?

थर्डइयर_थकलेला: बाहुला कपाटात कुलूपबंद आहे काका, किल्ली एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे). आणि बाहुल्याची पाठ कळ आली म्हणून हलत नाही.

भूलवाली_कोथरूड: काका, तुमचाच मुद्दा माझा आहे. कोण तिसऱ्यांदा टोचतंय आणि सिनियरला कधी हाक मारायची, हे त्या रेघेवरून आधी कळलं असतं. आणि भोसरीवाले, नोंद रेसिडेंटने करायचीच नाही. दोन टोचण्यांत, सिनियरचा हात न लागता बसली तर जमली. ओटीतली सिस्टर लिहील.

भोसरी_क्वालिटी: सिस्टरला पगार वाढवून द्या म्हणजे लिहील. बाकी व्याख्या ठीक आहे, आमच्या मोजमापाच्या गेजपेक्षा बरी.

थर्डइयर_थकलेला: बरं, काढा माझा आलेख. पण सरांचाही काढा. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलातल्या सर्जन डी लेव्हालने १९९४ मध्ये स्वतःच्याच बाळांच्या हार्ट ऑपरेशनवर हे लावून अपयश छापलं. आमच्याकडे कोण छापतंय बघू.

भूलवाली_कोथरूड: टोमणा कळला. माझ्या एपिड्युरलपासून सुरू करू. लेबर रूममध्ये कागद लाव, जमली की फसली तू लिही, मी हात लावणार नाही.

नारायणपेठ_४११०३०: आणि पाठीला कुणाला दाखवू ते सांगा आधी. ऑर्थो का फिजिओ?