जुन्या कर्नलची अडगळ: तुमचेही अनुभव येऊ द्या

सिडकोवाला
सिंहस्थाला पाहुणे येणार म्हणून आईने आतापासूनच माळा काढायला लावलाय. पितळी बंबामागे जुना लॅपटॉप निघाला. चार्जरला लावला, सुरू झाला, आणि पहिलाच निरोप: बूटमध्ये जागा नाही. डिसेंबर 2017 डोळ्यांसमोर आला.

लिनक्सचं उबुंटू 16.04. कर्नल म्हणजे सिस्टमचा गाभा; अपडेटमध्ये नवा आला तरी जुने बूटमध्ये पडून राहतात. बूटचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला तुकडा) मीच हाताने केलेलं, 240 एमबी. म्हटलं, बूटला असं लागतं किती? एक कर्नल म्हणजे व्हीएमलिनझ, इनिटआरडी, सिस्टम मॅप या त्याच्या फायली धरून पन्नासेक एमबी. चार बसले, पाचवा अर्ध्यात अडकला. बूट फोल्डर उघडलं तर कर्नलच्या नंबरांची यादी अशी: 101, 103, 96, 97, 98. वरचे जुने, खालचे नवे असं धरलं आणि वरच्या दोघांना आरएम मारलं, म्हणजे फायली थेट उडवल्या. यादी आकड्यांनी नाही, अक्षरांनी लागते हो! 9 च्या आधी 1, म्हणून 101 वर. मशीन चालत होतं नेमकं 101 वर. पण चालू कर्नल मेमरीत असतो, त्यामुळे रात्रभर काहीच कळलं नाही. सकाळी काळा पडदा, 'यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट'. दहाला अंबडला डेमो. शेवटी ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या मेन्यूच्या) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून 98 निवडला, तेव्हा कुठे उठलं. तोवर चहावर साय धरली होती.

तुमचं सांगा.

गोदाकाठ
😂😂 101 आधी, 98 नंतर. माझंही सेम, फक्त माझ्याकडे मागे एकही शिल्लक नव्हता. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, मग क्रूट (तिथून डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरणं), अख्खा रविवार गेला.

जुनाखोड
आरएमने उडवलंस तरी डीपीकेजीच्या (पॅकेजांचा हिशोब ठेवणाऱ्याच्या) वहीत तो कर्नल इन्स्टॉल्डच राहतो भो. आधी यूनेम -आरने चालू कर्नल कोणता ते बघ, मग अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह --पर्जने नको असलेले काढ. चालू कर्नलला ते हात लावत नाही.

सिडकोवाला
दादा, बूट 100 टक्के भरलं की अ‍ॅप्टच अडून बसतं ना. आधी अर्धवट काम पुरं करा म्हणतं, आणि ते करायला जागा नाही.

जुनाखोड
हो, मग एखाद्या जुन्याचं इनिटआरडी तात्पुरतं होममध्ये हलवायचं, अ‍ॅप्ट -एफ इन्स्टॉल, मग ऑटोरिमूव्ह. हलवायचं म्हटलंय, उडवायचं नाही 🙏

निफाडची सून
मला यातलं काही कळत नाही, लेकाने जुन्या पीसीवर लिनक्स टाकून दिलंय, मी पिंपळगावचे बाजारभाव बघते. पण द्राक्षाच्या एप्रिल छाटणीला आमच्यात काडी एकदोन डोळे ठेवूनच कापतात, मुळासकट कोणी खरडत नाही. एवढं तर तुम्हाला कळायला हवं होतं भाऊ.

गोदाकाठ
ताई 🙌 यंदा द्राक्षं कशी?

निफाडची सून
विचारू नका. अवकाळी.

रात्रपाळी
माझं वेगळंच. छोटा भाड्याचा सर्व्हर. डीएफ -एच म्हणतं सहा जीबी मोकळे, आणि साधी फाइल बनेना. दोन रात्री डोकं खाजवलं. डीएफ -आय बघितलं तर आयनोड (फाइलच्या नोंदीचे खण) 100 टक्के! जुन्या कर्नलच्या हेडर्सनी (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायलींनी) यूएसआर एसआरसीमध्ये हजारो चिल्लर फायली घालून ठेवलेल्या. वजन काही नाही, पण प्रत्येकीला एक आयनोड. जुनी हेडर पॅकेजं काढली, मोकळा झालो. तेवढ्यात लाइट गेली ती गोष्ट निराळी.

फेडोरावाली
आमच्या फेडोरात डीएनएफ (आमचं अ‍ॅप्ट म्हणा) तीनच कर्नल ठेवतं, चौथा आला की सगळ्यात जुना आपोआप जातो. चालू असलेला सोडून. 😌

जुनाखोड
आल्या फेडोरावाल्या.

कॉलेजरोडकर
लिब मॉड्यूल्समध्ये (कर्नलचे जोडभाग असतात तिथे) जुन्या आकड्यांची फोल्डर्स का उरतात? काढताना 'नॉट एम्प्टी सो नॉट रिमूव्ह्ड' म्हणतं. आणि डीपीकेजी -एलच्या यादीत आरसी आरसी आरसी...

जुनाखोड
पॅकेजने स्वतः टाकलं तेवढंच ते काढतं. व्हर्च्युअलबॉक्ससाठी डीकेएमएसने (मॉड्यूल बांधणाऱ्या टूलने) मागाहून बांधलेलं मॉड्यूल त्याच्या हिशोबात नसतं, म्हणून फोल्डर उरतं. यूनेमशी पडताळून मग काढ. आरसी म्हणजे पॅकेज गेलं, कॉन्फिग राहिलं. पर्ज केलं की जातं.

गोदाकाठ
ते सगळं राहू द्या, बंब विकायचाय का?

सिडकोवाला
आई देत नाही. अंघोळीला लागेल म्हणते. घरात दोन गीझर आहेत.

रात्रपाळी
आणि लॅपटॉप?

सिडकोवाला
बूट साफ केलं, रिबूट केलं, झाला सुरू. आई म्हणाली झालं ना बघून, आता ठेव परत माळ्यावर.