पाच महिन्यांत अण्णांचं वजन नऊ किलोंनी उतरलं, जेवण मात्र चालू आहे. आधी काय तपासावं?

शुभदा_पिंपरी

नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६८. लातूरला दादा-वहिनींकडे असतात. सगळी नोकरी मार्केट यार्डात आडत दुकानात मुनीम म्हणून केली. अजूनही सकाळी थोडा वेळ दुकानात जाऊन बसतात. त्यामुळे वजनाचा आकडा पक्का आहे. दिवाळी पाडव्याला काट्याची पूजा झाल्यावर सगळे हौसेने काट्यावर उभे राहिले, तेव्हा अण्णा ७१ किलो होते. गुढीपाडव्याला त्याच काट्यावर ६२ भरले. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, गालफडं आत गेलीत.

जेवण फार कमी झालेलं नाही. दोन भाकऱ्या खायचे, आता दीड खातात. वरण, भाजी, रात्री दूध चालू आहे. खोकला नाही, ताप नाही. तंबाखू कधीच नव्हती, सुपारी असायची, तीही सुटली. दिवसातून एकदा शौचाला जायचे, आता दोन-तीनदा जातात, पण जुलाब म्हणावेत असं नाही. झोप लागत नाही. जिना चढला की धाप लागते.

मागच्या आषाढात आई गेली. तेव्हापासून बोलणं कमी झालंय, एका जागी बसून असतात. घरात आणि शेजारीपाजारी सगळ्यांचं एकच, "बाई गेल्यापासून खंगले." नेहमीच्या डॉक्टरांनीही वय आणि दुःख असं म्हणून टॉनिक आणि मल्टिव्हिटॅमिन दिलं. छातीचा एक्स-रे साफ आहे. उपाशीपोटी साखर १०४, हिमोग्लोबिन ११.२. बीपीची ॲम्लोडिपिन ५ रोज घेतात, दुसरं औषध नाही.

मावसभाऊ म्हणतो, पुण्याला आणा आणि थेट पेट स्कॅन करा, म्हणजे कॅन्सर असेल तर अंगभर दिसतो. दादा म्हणतो, अजून दोन महिने बघू. मला दोन महिने थांबवत नाही. कुठून सुरुवात करू?

गणेश_बार्शी

ताई, थांबू नका. माझ्या मोठ्या भावाचं वजन असंच झपाट्याने उतरलं होतं. वय ४१, कापडदुकान. रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठायचा, तांब्याभर पाणी उशाशी लागायचं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, १२ च्या वर निघालं. डॉक्टरांनी समजावलं ते मला पटलं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीत सोडायला लागतं. खाल्लेलं अन्न अंगी लागायच्या आधीच बाहेर जातं आणि शरीर स्वतःची चरबी न् स्नायू जाळत बसतं. साखर आटोक्यात आली तशी वजनाची घसरण थांबली. अण्णांची उपाशीपोटीची साखर ठीक दिसते, तरी एचबीए१सी करून घ्या.

अनुजा_नाशिक

एक्स-रे साफ आला म्हणून टीबी नाही असं धरून चालू नका. माझ्या आईला आतड्याचा टीबी होता. खोकला कधीच नव्हता. संध्याकाळी बारीक कणकण, उजवीकडे खाली पोटात दुखायचं, आणि वजन ५० वरून ३९ वर आलं. सोनोग्राफीत गाठी दिसल्या, मग कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासला, टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीलाही पाठवला. सहा महिने औषधं चालली, सरकारी केंद्रातून मोफत. टीबीच्या रुग्णांच्या आहारासाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तिचे पैसेही खात्यात येतात. आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. टीबीच्या गोळ्यांची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे दर वेळी वजन करूनच गोळ्या घ्यायच्या. कणकण हातावर कळत नाही, संध्याकाळी थर्मामीटर लावून बघा.

राजाभाऊ_औसा

लातूरकडचेच दिसता, म्हणून हक्काने सांगतो. अश्वगंधा दुधातून, खारीक, साजूक तूप सुरू करा. शरीर भरून येईल. या वयात तपासण्यांनी माणूस अर्धा होतो.

मीनाक्षी_निवृत्त सिस्टर

शुभदा, मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं म्हणते. माझी नोकरीची बहुतेक वर्षं जिल्हा रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात आणि ओपीडीत गेली. मी डॉक्टर नाही, निदान करणार नाही. पण केसपेपरवर "वजन घटणे" एवढंच लिहिलेली माणसं फार पाहिलीत, त्यावरून सांगते.

आधी दादाच्या दोन महिन्यांचं. न ठरवता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर कारण शोधायचं, असा वैद्यकातला ढोबळ नियम आहे. ७१ चे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. अण्णांचे नऊ गेलेत, तेही पाच महिन्यांत. ही या आठवड्यात फिजिशियनकडे जायची गोष्ट आहे. एमडी मेडिसिन पुरे, लातुरात आहेत. पुण्याला धावायची गरज आत्ता तरी नाही.

पेट स्कॅन आधी नको, आणि पॅकेजात मिळतात तसले ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, त्याही नकोत. निरोगी माणसातही त्यांचे आकडे वाढलेले निघतात आणि घर आठवडाभर रडत बसतं. साध्या तपासण्यांतून दिशा मिळते. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, अंगातल्या सूज-संसर्गाचा अंदाज देणारा ईएसआर, एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या अल्ब्युमिनसकट, कॅल्शियम, थायरॉइडसाठी टीएसएच, लघवी, शौचात न दिसणारं रक्त आणि पोटाची सोनोग्राफी. एचआयव्हीसुद्धा. या वयात कशाला म्हणून घरचे चिडतात, पण ती एका नळीतल्या रक्तात होते आणि राहून गेली तर महाग पडते.

आता घरात बघायच्या गोष्टी. अन्न खरोखर पोटात किती जातं ते चार दिवस वहिनींना बघू दे. ताटात वाढलेलं आणि खाल्लेलं यांत फरक असतो. आमच्याकडे एका आजींच्या पोटाच्या सगळ्या तपासण्या चालल्या होत्या, आणि त्या भाकरी पदरात गुंडाळून ठेवत होत्या. कवळी सैल झालेली, हिरडीला जखम, सांगायची लाज. वजन उतरलं की कवळी आणखी सैल होते, मग आणखी खाणं तुटतं. अण्णांचं तोंड उघडून बघा. घास गिळताना अडकतो का, थोडं खाल्लं की पोट भरतं का, हेही विचार. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं, फार वासाचं असेल तर अन्न पचून अंगात शिरत नाही, मग स्वादुपिंड आणि आतडं बघावं लागतं.

सगळी औषधं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओत. ॲम्लोडिपिनने असं होत नाही. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते. मेटफॉर्मिन, लघवीतून साखर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, डिगॉक्सिन, टोपिरामेट यांनी भूक किंवा वजन उतरू शकतं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन आहे का ते पाकिटावर वाच. असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांग. मात्रा जास्त असेल तर बायोटिनमुळे रिपोर्ट खोटा येऊ शकतो.

कॅन्सरचं तू विचारलं नाहीस, पण मनात तेच आहे हे कळतं. या वयात शक्यता असते, त्यातही पचनमार्गाचा जास्त. म्हणून मला तुझ्या पत्रातला ११.२ हा आकडा खटकतो. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असलं की ते कमीच. रक्त कुठे जातंय हे कुणीतरी विचारायला हवं. त्यावर लोहाची गोळी देऊन गप्प बसायचं नाही.

दुःखाबद्दल. आई गेल्याने माणूस खंगतो हे खरं आहे. नैराश्य हे वजन उतरण्याचं मोठं कारण आहे आणि त्यावर उपचार आहेत. पण दुःख आहे म्हणून दुसरा आजार नाही असं होत नाही. विधुर झालेल्या माणसाच्या बाबतीत सगळे इतके पटकन कारण ठरवतात की त्याची नाडीसुद्धा कुणी धरत नाही. तुम्ही धरा. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. किती ठोके आणि ते सारख्या अंतराने पडतात का, एवढं मला कळव.

राजाभाऊ, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण अश्वगंधा आत्ता नको. तिने थायरॉइडचं प्रमाण वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, आणि अण्णांचा थायरॉइड अजून कुणी तपासलेला नाही. खारीक-तूप द्या, त्याला कुणाची ना नाही.

शुभदा_पिंपरी

मावशी, दादाने नाडी बघितली. ११२ ठोके, आणि त्याच्या शब्दांत "मध्येच धावते, मध्येच अडखळते." बीपीच्या मशीनवर हृदयाचं चिन्ह सारखं लुकलुकत होतं, आम्हाला वाटायचं सेल संपलेत. ताप दोन्ही संध्याकाळी नव्हता. दात ठीक आहेत. उद्याची फिजिशियनची वेळ घेतली आहे, मी आज रात्रीच्या गाडीने निघतेय.

मीनाक्षी_निवृत्त सिस्टर

नाडीचं ऐकून बरं केलंत असं म्हणते. उद्या आत शिरल्या शिरल्या हेच आधी सांग, ईसीजी लगेच काढतील. आज रात्री छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, चक्कर आली किंवा तोंड-हात वाकडा झाला तर उद्याची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत न्यायचं.

शुभदा_पिंपरी

रिपोर्ट आले. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतायत. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ आणि टी३ दोन्ही खूप वाढलेले, म्हणजे थायरॉइड वाढलाय. एचबीए१सी ५.९, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन ठीक, एचआयव्ही नाही. सोनोग्राफीत पोटात काही नाही. गळ्यात लहान गाठी आहेत म्हणाले, त्यासाठी थायरॉइड स्कॅन सांगितलाय. थायरॉइड कमी करायची कार्बिमाझोल, ठोके कमी करायची गोळी, आणि रक्त पातळ करायची गोळी या आठवड्यात सुरू करणार. पण माझ्या नणंदेला थायरॉइड वाढला तेव्हा ती थरथरायची, घामाघूम व्हायची, भांडायची. अण्णा तर मुके होऊन बसलेत. हे कसं?

मीनाक्षी_निवृत्त सिस्टर

उतारवयात असंच होतं गं. तरुण माणसात हात थरथरतात, डोळे मोठे होतात, उकाडा सहन होत नाही, भूक वाढते. म्हाताऱ्या माणसात यातलं बरंचसं दिसतच नाही. वजन उतरतं, माणूस सुस्त आणि उदास होतो, नाडी बिघडते. म्हणून ते दुःखासारखं दिसतं आणि राहून जातं. वाढलेली शौच, धाप, झोप न लागणं, हे सगळं आता एकाच ठिकाणी जुळतंय. औषधाचा असर दिसायला काही आठवडे लागतील, लगेच वजन वाढत नाही म्हणून हातपाय गाळू नका.

आता काळजीचं. कार्बिमाझोल, बाजारात निओमर्काझोल म्हणूनही मिळते, क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम पाडते. घसा दुखला, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करायची आणि डॉक्टरांना फोन. पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. हे कागदावर लिहून वहिनींच्या फ्रिजवर लाव, कारण गोळ्या त्याच देणार. डोळे-लघवी पिवळी झाली तरीही तसंच. पुढे कधी कुणी शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करायला सांगितलं तर थायरॉइडचा रिपोर्ट आधी दाखव, त्या औषधात आयोडीन असतं. हृदयासाठी अमिओडारोन लिहिली तर तिच्यातही भरपूर असतं, तिथेही विचार.

आणि ११.२. शौचाच्या तपासणीचं तू काहीच लिहिलं नाहीस. थायरॉइड सापडला म्हणून तो प्रश्न सुटला नाही, उलट आता रक्त पातळ करायची गोळी सुरू होणार आहे. पोटात कुठे बारीक रक्तस्राव असेल तर तो वाढेल. शौच काळं डांबरासारखं होतं का हे अण्णांना आजच स्पष्ट विचार, लाजू नकोस. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि शौचातल्या रक्ताची तपासणी झाली आहे का, नसेल तर गोळीच्या आधी करायची का, एंडोस्कोपी लागेल का, हे उद्या डॉक्टरांना विचार. गोळी आपल्या मनाने पुढे मात्र ढकलायची नाही, ती पक्षाघात टाळायला असते.

शुभदा_पिंपरी

शौचाची तपासणी झालीच नव्हती. फेरिटिनही नाही. आत्ताच विचारलं, काळं होत नाही म्हणतात. उद्या सकाळी नमुना देऊन मगच डॉक्टरांकडे जातो, रिपोर्ट आला की इथे टाकते.