मदत हवी आहे: कॅटमिंट आडवं पडतंय

अंगणवेडी: माझं कॅटमिंट (जांभळ्या फुलांचं बागेतलं झुडूप) मधोमध फाकलंय, फांद्या चारी बाजूंना लोळताहेत. फुलंही करपत आली. शनिवारी पाहुणे येणार आहेत. काठ्या लावू की उपटून फेकू? लवकर सांगा.

दगडमाती: राहता कुठे? झाडाची जात कोणती? ऊन किती?

कात्रीवाला: काठ्या नकोत. पहिला बहर संपला की निम्म्याहून खाली छाटा, जीव घट्ट करून. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं येतात, मग पुन्हा फुलं.

अंगणवेडी: शनिवारी बोडकं झाड दाखवू?? न्यू जर्सी. वॉकर्स लो. ऊन भरपूर.

चटणीबहाद्दर: हे पुदिन्याच्याच कुळातलं ना? चटणी जमेल का?

दगडमाती: भरपूर म्हणजे किती तास? सहा तरी हवेत. आणि वॉकर्स लो असली तरी अडीच फूट होतेच, नावावर जाऊ नका. खतपाणी काय देता?

अंगणवेडी: शेजारी गुलाब आहेत, त्यांच्यासोबत शेणखत. स्प्रिंकलर रोज पहाटे. ऊन दुपारी दोननंतर, आधी मेपलची सावली.

दगडमाती: हे आधी सांगायचं की हो! खत बंद, एकदा रुजलेल्या झाडाला रोज पाणीही नको. पोसलेल्या मातीत आणि सावलीत ते लांब, लुसलुशीत वाढतं आणि कोलमडतं. याला हलकी, निचऱ्याची जमीन लागते. चिकणमातीत थंडीत पाणी साचलं तर गड्डा, म्हणजे मुळांवरचा बुंधा, कुजतो.

शेतकऱ्याचापोर: खताशिवाय झाड वाढतं होय? जीवामृत घाला, बघा कसं ताठ उभं राहतं.

कात्रीवाला: अहो, ऊस नाही तो.

शेतकऱ्याचापोर: उसाची चेष्टा नको. माती ती माती.

मनीमाऊ: आमची मनी यात लोळेल का?

दगडमाती: मांजरांना वेड लावतं ते कॅटनिप, नेपेटा कॅटारिया. यातही लोळतात, पण सगळीच नाही. अंगणवेडी, मधलं भगदाड म्हणजे गड्डा जुना झालाय. सप्टेंबरमध्ये खणून काढा, कडेचे तुकडे उन्हात लावा, मधला वाळका भाग टाका. आत्ताच्या उकाड्यात नको.

गच्चीवाली_पुणे: मला याचं बी मिळेल का?

कात्रीवाला: वॉकर्स लोला बी धरत नाही. फांदी किंवा गड्ड्याचे तुकडे लावूनच वाढवतात. पण पुण्याच्या पावसात उघड्यावर कुजेल.

अंगणवेडी: म्हणजे शनिवारसाठी काय?

कात्रीवाला: आज छाटा, पुढे झेंडूच्या कुंड्या मांडा.

चटणीबहाद्दर: चटणीचं राहिलंच.

मनीमाऊ: हरणं खातात का हो हे? आमची ट्युलिप्स साफ केली मेल्यांनी.