जुन्या याशिकावरच्या या खुणा कोणाच्या? जाणकारांनी प्रकाश टाकावा

निगेटिव्हवेडी (सातारा)

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एक याशिका-मॅट कॅमेरा मिळाला. १२० नंबरच्या फिल्म रोलचा, पुढे दोन भिंगं एकावर एक, पोटाशी धरून मान खाली घालून बघायचा तो. लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, नसलेला. शटरचा एक सेकंदाचा वेग अडकतो, बाकीचे वेग कानाला बरे वाटतात. हँडल फिरवलं की रोल सरकतो आणि शटरही चढतं. खालच्या भिंगात कडेला थोडी बुरशी आहे.

मला अडलंय ते त्याच्यावरच्या खुणांपाशी. तळाला, ट्रायपॉडच्या भोकाशेजारी, पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक कुंचल्यानं लिहिलंय: ‘ज.सं. ३१/६’. त्याच्या वर आणखी एक ओळ होती, ती कोणीतरी पात्यानं खरवडून काढली आहे. तिरप्या उजेडात धरलं तर तिचं शेवटचं अक्षर ‘य’ वाटतं.

मागचं दार उघडलं की फिल्मच्या चौकटीच्या डाव्या कडेला तीन खाचा दिसतात. त्रिकोणी, सारख्या अंतरावर, कानशीनं घासलेल्या. घासलेल्या जागी काळा रंग परत लावलाय. म्हणजे पडून-आपटून झालेलं हे नाही, कोणीतरी मन लावून केलेलं काम आहे. खाचांचा फोटो जोडलाय. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं ‘८-११-७९ श.’ आणि खाली एक वेलांटीसारखी सही. शिवाय बाजूला सोनेरी लंबगोल चिकटपट्टी आहे, तिच्यावर इंग्रजीत ‘पास्ड’.

विकणारे काका म्हणाले, थिनरनं पुसून देतो. मी नको म्हटलं. माझे प्रश्न दोन. हा कोणाचा होता हे यावरून कळेल का? आणि खरवडलेली ओळ बघता हा चोरीचा तर नसेल? तसं असेल तर मला तो ठेवायचा नाही.

रानवाट

नंबर टाकलेला आहे म्हणजे लष्कराचा असणार. असे कॅमेरे लाखांत जातात. सांभाळून ठेवा, कोणाला सांगू नका.

डार्करूमवाला (कोल्हापूर)

रानवाट, लष्कराच्या सामानावर बाणाच्या टोकाचा ठसा असतो, इथे तसं काही नाही. आणि लष्करी म्हणून लाखांत विकल्या जाणाऱ्या मालापासून चार हात लांब राहावं. जर्मन गरुड कोरलेले कित्येक ‘लायका’ (महागडे जर्मन कॅमेरे) मुळात फेड नाहीतर झोर्की हे सोव्हिएत कॅमेरे असतात, वरचं नक्षीकाम नंतरचं.

ताई, सोनेरी पट्टी मालकाची नव्हे. जपानमधून बाहेर जाणाऱ्या कॅमेऱ्यांची तपासणी व्हायची, त्यात पास झाल्याची ती खूण. पेन्सिलीचं लिखाण दुरुस्ती करणाऱ्याचं आहे. ‘श.’ म्हणजे शटर. तारीख आत टाकून ठेवायची, म्हणजे कॅमेरा दोन महिन्यांत परत आला तर काम आपलं की दुसऱ्याचं ते लगेच कळतं. याशिका-मॅट १९५७ साली आला, त्याचं मीटरवालं मॉडेल १२४ निघालं १९६८ मध्ये, १२४-जी १९७० मध्ये. तेव्हा १९७९ ला तुमच्या कॅमेऱ्याचं शटर आळसावलेलं असणं अगदी स्वाभाविक आहे. एक सेकंदाची तक्रार तेव्हाचीच असेल. संथ वेगांच्या गिअरमधलं तेल घट्ट होतं, साफ केलं की चालतं. जोर लावू नका.

आता खाचा. फोटो बघितला आणि मला आमचा स्टुडिओच आठवला. लग्नाच्या हंगामात एकाच दिवशी चार-पाच याशिका वेगवेगळ्या कार्यालयांत जायच्या. रोलमागे बारा फोटो. रात्री सगळे रोल एका टेबलावर येऊन पडायचे. पस्तीस एमएमच्या फिल्मला निदान डबी तरी असते. १२० च्या रोलला मागे नुसता कागद असतो, जे काय लिहायचं ते त्या कागदावर. आणि अंधारात रोल रिळावर चढवताना पहिल्यांदा काय सुटतं, तर तो कागद! टाकीतून बाहेर आलेल्या फिल्मवर इचलकरंजीचं लग्न कुठलं नि गडहिंग्लजचं कुठलं, काही लिहिलेलं नसतं. नवरा-नवरी ओळखीची असतील तर ठीक.

म्हणून मालक प्रत्येक कॅमेऱ्याच्या चौकटीला खाच घालायचे. एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. खाचेतून उजेड फिल्मच्या कडेवर पडतो आणि निगेटिव्हच्या कोऱ्या काठात तेवढाच काळा दात उमटतो. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे तुम्हाला मागून डावीकडे दिसणाऱ्या खाचा फोटोत उजव्या काठाला येतील. एनलार्जरमध्ये (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्रात) काठ झाकला जातो, म्हणून प्रिंटवर दिसत नाहीत. निगेटिव्हवर आणि कॉन्टॅक्टवर, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेल्या प्रिंटवर, दिसतात. रोलवर ओरखडा आला, कुठून उजेड शिरला, तर कुठला कॅमेरा दुरुस्तीला टाकायचा तेही त्यावरून ठरायचं. वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांतही ही पद्धत होती. हासेलब्लाड या स्वीडिश कॅमेऱ्याच्या मागच्या मॅगझिनला (फिल्मच्या डब्याला) तर दोन खाचा कारखान्यातूनच येतात.

सांगायचं एवढंच की तुमचा कॅमेरा एकटा नव्हता. त्याला निदान दोन भाऊ होते.

थिनर लावू दिलं नाहीत हे फार चांगलं केलंत. चामड्याचा गोंद सुटतो, मूळ रंग जातो, आणि ओळख जाते ती वेगळीच.

सेवानिवृत्त लिपिक (अहिल्यानगर)

‘ज.सं.’ बघून राहवलं नाही म्हणून लिहितो. आयुष्याची नोकरी या दोन अक्षरांत गेली. जडसंग्रह! टेबल, खुर्ची, पंखा, घंटा, भिंतीवरचा नकाशा, जी वस्तू वापरून संपत नाही ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवायची. कधी घेतली, कोणाकडून, बिल क्रमांक, किंमत, आणि शेवटी शेरा. मग तोच क्रमांक रंगानं वस्तूवर घालायचा, म्हणजे वार्षिक पडताळणीला वही हातात घेऊन एकेक वस्तू मोजता येते. आमच्याकडे तिरप्या रेघेआधी पान आणि नंतर त्या पानावरची नोंद असायची. तुमचा कॅमेरा पान ३१, नोंद ६.

आम्ही एका प्रकारच्या वस्तूंना एक पान द्यायचो. तीच पद्धत तिथे असेल तर त्या पानावर कॅमेऱ्यांच्या निदान सहा नोंदी होत्या. डार्करूमवाल्यांच्या तीन खाचांशी हे जुळतं. साध्या शाळेकडे एक कॅमेरा असला तरी पुष्कळ. तेव्हा छायाचित्रण शिकवणारी कलासंस्था किंवा स्वतःचा फोटो विभाग असलेली कचेरी, असा माझा कयास आहे. ‘य’ ची मात्र फार मदत नाही. विद्यालय, महाविद्यालय, कार्यालय, रुग्णालय, ग्रंथालय, सगळेच तिथे येऊन थांबतात.

चोरीचं म्हणाल तर घाबरू नका, पण खात्री करून घ्या. वस्तू निकामी झाली की तिची यादी होते, समिती बघते, सक्षम अधिकारी मंजुरी देतो, मग निर्लेखन, म्हणजे वहीतून वस्तू कमी करणं, आणि लिलाव. लिलावात लॉटच्या लॉट भंगारवाला उचलतो. आमच्याकडे वस्तू बाहेर जाताना संस्थेचं नाव खरवडायचो आणि क्रमांक तसाच ठेवायचो, कारण वहीशिवाय तो क्रमांक कोणाला काही सांगत नाही. तुमच्याकडेही नेमकं नावच गेलंय. चोरानं दोन्ही ओळी घालवल्या असत्या असं मला वाटतं.

संस्था सापडली तर आधी साधं पत्र लिहा, पान आणि नोंद कळवा. ही वही आमच्या शाळेत कायम जतनाच्या कपाटात असे. शेऱ्याच्या रकान्यात निर्लेखनाच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख मिळाली की विषय मिटला. सरकारी किंवा अनुदानित संस्थेनं उत्तरच दिलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहे, अर्जाला दहा रुपये लागतात.

परसातला_मेपल (न्यू जर्सी)

इकडची एक गोष्ट सांगतो, कारण असे कॅमेरे आता भारतातही जातात. मी घेतलेल्या मिनोल्टाच्या तळावर विजेच्या पेन्सिलीनं नऊ आकडे कोरले आहेत. इथे १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पार्कमध्ये पोलिसांनी मोहीम सुरू केली होती: घरातल्या किमती वस्तूंवर आपला ओळख क्रमांक कोरून ठेवा. ती देशभर पसरली. कोणी वाहन परवान्याचा क्रमांक कोरला, कोणी थेट सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळखीचा. माझ्यावरचा दुसऱ्या प्रकारचा आहे. जुन्या क्रमांकांचे पहिले तीन आकडे राज्य सांगतात, १३५ ते १५८ न्यू जर्सीचे.

कोणाकडे असा कॅमेरा असेल तर विनंती: त्या आकड्यांचा फोटो कुठेही टाकू नका. मालक हयात असेल तर तो क्रमांक आजही त्याच्या सगळ्या व्यवहारांची किल्ली आहे. मी विकताना त्यावर काळी पट्टी लावणार आहे.

निगेटिव्हवेडी (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही ‘ज.सं.’ इतक्या सहज उलगडून दिलंत की घरी मोठ्यानं वाचून दाखवलं.

एक कृष्णधवल रोल काढून धुतला. उजव्या काठाला तीन काळे दात, प्रत्येक फ्रेमला, अगदी स्वच्छ. पुण्यातल्या आणि साताऱ्यातल्या ज्या संस्थांमध्ये छायाचित्रण शिकवायचे किंवा फोटो विभाग होता, त्यांची यादी करून पत्रं टाकते आहे. पेंटला हात लावणार नाही. शटर साफ करायला देताना दुरुस्तीवाल्यांनाही तसं सांगणार आहे, आणि त्यांनी आपली तारीख १९७९ च्या खाली टाकावी असंही.

तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी शिकलं असेल, नोकरीत असेल, किंवा घरात साठ-सत्तरच्या दशकातल्या चौकोनी निगेटिव्ह पडून असतील, तर एकदा उजेडावर धरून काठ बघाल का? फोटो सरळ धरल्यावर उजवीकडे तीन दात असतील, तर कृपया इथेच लिहा. एक किंवा दोन असले तरी लिहा.