पाच शिलिंगांचा आळ : ऑसबोर्नचं नक्की चुकलं काय?

रानवारा
ऑक्टोबर १९०८. इंग्लंडजवळच्या आयल ऑफ वाइट बेटावर ऑसबोर्नचं नौदल कॉलेज. एका कॅडेटची पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरीला गेली आणि कुणीतरी खोटी सही करून ती वटवली. त्याच दुपारी तिथलाच एक कॅडेट, तेरा वर्षांचा जॉर्ज आर्चर-शी, पोस्टात गेला होता. खेळण्यातल्या इंजिनासाठी त्याला साडेपंधरा शिलिंगांची ऑर्डर हवी होती, तीही स्वतःच्या पैशांनी. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, साडेपंधराची घेणारा आणि पाचाची वटवणारा मुलगा एकच. चेहऱ्यावरून मात्र त्यांना तो ओळखता आला नाही. मग कॉलेजने जॉर्जकडून ज्याची ऑर्डर चोरीला गेली त्या मुलाचं नाव कागदावर लिहून घेतलं. हस्ताक्षरतज्ज्ञाने ते अक्षर आणि खोटी सही एकाच हाताची ठरवली आणि वडिलांना पत्र गेलं, मुलाला काढून घ्या.

वडिलांना आधी बोलावणं नाही, मुलाच्या बाजूने बोलायला कुणी नाही, पोस्टातल्या बाईंना उलट प्रश्न नाही. आरोप करणारेही तेच आणि निकाल देणारेही तेच. एका पोराला जन्मभरासाठी चोर ठरवायला एवढं पुरतं? मला हे अजिबात मान्य नाही.

कोयनाकाठ
असहमत. मी बरीच वर्षं मुलांचं वसतिगृह सांभाळलं आहे. चोरी झाली की सगळी खोली एकमेकांकडे संशयाने बघू लागते, आणि निर्णय लांबला तर निर्दोष मुलंच होरपळतात. कॉलेजपुढे पोस्टाची साक्ष होती, तज्ज्ञाचं मत होतं. त्यांनी पोलिसांत दिलं नाही, गाजावाजा केला नाही, मुलगा शांतपणे घरी पाठवला. त्या काळाच्या मानाने हे सौम्यच म्हणायचं.

निळी शाई
सौम्य कसं? पोलिसांत दिलं असतं तर निदान कोर्टात बाजू मांडता आली असती! कॅडेट अजून अधिकारी नाही म्हणून लष्करी न्यायालय नाही, आणि प्रतिवादी खुद्द राजसत्ता म्हणून साधा दावाही नाही. शेवटी ‘पिटिशन ऑफ राइट’, म्हणजे राजसत्तेविरुद्ध दाद मागण्याचा खास अर्ज, काढावी लागली. तिथेही सरकारचा पहिला बचाव असा की कॅडेटला काढायला राजाला कारण द्यावं लागत नाही. खालच्या न्यायाधीशांनी तो मान्यही केला. अपील कोर्टाने आधी वस्तुस्थिती तपासा म्हटलं, तेव्हा कुठे जुलै १९१० मध्ये खटला उभा राहिला.

आणि तज्ज्ञाचं म्हणाल, तर हे तेच गुरिन साहेब. अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या निरपराध माणसाला १८९६ मध्ये शिक्षा झाली, तेव्हाही अक्षराची साक्ष त्यांचीच होती. बेक निर्दोष असल्याचं १९०४ मध्ये उघड झालं होतं. चार वर्षांनी नौदलाने पुन्हा त्यांच्याच शब्दावर विसंबावं, याला काळाच्या मानाने वाजवी म्हणता येत नाही.

दर्यावर्दी
पण व्यवस्थेनेच चूक दुरुस्त केली, हेही बघा ना. जॉर्जचे वकील एडवर्ड कार्सन यांच्या उलटतपासणीत पोस्टातल्या बाईंनी दोन वेगवेगळी मुलं असू शकतील हे कबूल केलं. चौथ्या दिवशी सरकारचे वकील रुफस आयझॅक्स यांनी उभं राहून जॉर्ज निर्दोष असल्याचं मान्य केलं. (हेच पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून आपल्याकडे व्हाइसरॉय झाले.) १९११ मध्ये खर्च आणि भरपाई मिळून ७,१२० पौंड दिले. किती देशांत सरकार एका मुलापुढे असं नमतं?

रानवारा
व्यवस्थेने नाही, वडिलांनी. ते बँक ऑफ इंग्लंडमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते, सावत्र भाऊ लष्करात मेजर आणि पुढे खासदार. म्हणून कार्सनसारख्या वकिलापर्यंत पोचता आलं. त्या ७,१२० पौंडांतले चार हजारांवर निव्वळ खर्चाचे होते. एखाद्या गोदी कामगाराने हा खर्च कुठून केला असता? त्याचा मुलगा चोरच राहिला असता.

सायली_
आणि जॉर्ज नौदलात परतलाच नाही. पहिल्या महायुद्धात पायदळातून लढला आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत १९ व्या वर्षी मारला गेला. ज्याला विश्वासघातकी ठरवलं त्याने देशासाठी प्राण दिले.

कोयनाकाठ
सायलीताई, त्याच्या मरणाबद्दल आदर आहेच, पण ते इथे पुरावा म्हणून नको. तो युद्धात गेला नसता तरी १९१० मध्ये जेवढा निर्दोष होता तेवढाच राहिला असता.

माझा प्रश्न तसाच आहे. खरा चोर शेवटपर्यंत सापडला नाही. अशा वेळी प्राचार्याने करायचं तरी काय? रोज कोर्ट भरवायचं?

निळी शाई
कोर्ट नको. साक्षीदाराला मुलगा ओळखता आला नाही, तिथेच थांबायचं. चोर सापडला नाही असं ज्याची ऑर्डर गेली त्या मुलाच्या घरी कळवायचं, हवं तर कॉलेजने त्याचे पाच शिलिंग भरून द्यायचे. आणि काढण्याइतका गंभीर आरोप असेल, तर पालकांना पुरावा दाखवून उत्तर द्यायची संधी द्यायची, ती निर्णयाआधी. वसतिगृहातल्या शिस्तीला याने काय धक्का लागतो, ते तुम्ही सांगा.