पेजफाइल उडवली, आता रॅम शिल्लक असून मेमरी संपली म्हणतंय

फ्लेक्सवाला_सांगली:
नमस्कार मंडळी, विश्रामबागला फ्लेक्स-पत्रिकांचं छोटं दुकान आहे माझं. पीसी जुना, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी, सी ड्राइव्ह सारखी लाल व्हायची. परवा भाच्यानं लपलेल्या फाइली उघडून दाखवल्या तर पेजफाइल डॉट सिस नावाचं ११ जीबीचं धूड तिथं बसलेलं. तो म्हणाला मामा ही रॅम भरली तरच लागते, उगाच जागा खाती, काढूया. नो पेजिंग फाइल केलं, रिस्टार्ट मारला, जागा मोकळी, आम्ही खूश. आता मोठा बॅनर उघडला आणि शेजारी ब्राउझर चालू असला की मेमरी कमी आहे असा मेसेज येतो आणि सॉफ्टवेअर धाडकन बंद. काल वाढदिवसाचा बॅनर गेला, त्यात ४७ कार्यकर्त्यांचे फोटो बसवून झालेले 😭 आणि टास्क मॅनेजरमध्ये २ जीबी रॅम शिल्लक दिसतीय. मग संपली ती कुठली मेमरी?

पेवातला_माणूस:
दादा, शिल्लक दिसतीय ती खरीच आहे, तुमची पत संपलीय.
हळदीच्या गावचे तुम्ही, म्हणून तसंच सांगतो. यार्डातला गाळा म्हणजे रॅम आणि हरिपूरची पेवं म्हणजे पेजफाइल. पूर्वी सगळी हळद काय गाळ्यात नसायची, बराच माल जमिनीखाली पेवात पडून असायचा, लागेल तेव्हा वर काढायचा. विंडोज मेमरीची ४ केबीची पानं पाडते, बराच वेळ कुणी हात लावला नाही अशी पानं डिस्कवर टाकू शकते, आणि कुठलं पान कुठं आहे ते पेज टेबल नावाच्या वहीत लिहिलेलं असतं. प्रोग्रामला वाटतं सगळा माल गाळ्यातच आहे. पान रॅममध्ये नसलं की पेज फॉल्ट होतो, मग ते डिस्कवरून आणेपर्यंत प्रोग्राम थांबतो.
आता तुमची भानगड. प्रोग्राम आधीच मला एवढी मेमरी लागेल म्हणून बोलून ठेवतो, वापरो न वापरो. विंडोज रॅम अधिक पेजफाइल एवढ्याचाच वायदा करते, वर एक पै नाही. आधी तुमची पत साधारण १९ जीबी होती, पेव बुजवल्यावर ती ८ च्या आत आली, म्हणून गाळ्यात जागा असून सौदा नाकारला. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर कमिटेडचा आकडा बघा, ७.६ / ७.९ असं काहीतरी असणार.

साताऱ्याचा_पंखा:
मी दोन वर्षं बंद ठेवलीय, काही होत नाही, उलट एसएसडी कमी झिजते.

पेवातला_माणूस:
तुमची रॅम किती?

साताऱ्याचा_पंखा:
३२

पेवातला_माणूस:
मग गाळाच गोदामाएवढा आहे की राव तुमचा 😄

जुना_हार्डवेअरवाला:
वरचं बरोबर आहे, पण पेजफाइल वाढवली म्हणजे रॅम वाढली असं कुणी समजू नका. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद, एसएसडीला त्याच्या हजारपट आणि फिरत्या हार्डडिस्कला लाखपट वेळ जातो. खरंच रॅम अपुरी असली तर मशीन पानं काढण्या-ठेवण्यातच दमतं, माऊस सुद्धा हलत नाही, त्याला थ्रॅशिंग म्हणतात. ही युक्ती विंडोजची नव्हेच, १९६२ ला मँचेस्टरच्या अ‍ॅटलस कॉम्प्युटरमध्ये १६ हजार शब्दांची मुख्य मेमरी आणि जोडीला ९६ हजार शब्दांचा फिरता ड्रम असंच चालायचं.
फ्लेक्सवाले भाऊ, जागाच पाहिजे तर आधी हायबरनेट (रॅममधलं काम डिस्कवर ठेवून पीसी बंद करायची सोय) बंद करा, त्याची वेगळी फाइल असते, ३ जीबीच्या आसपास सुटतील. मग सी वर १ जीबीची बारकी पेजफाइल ठेवा, विंडोज कोसळून निळी स्क्रीन आली तर का कोसळली त्याची निदान बारकी नोंद तरी मागं राहील, आणि बाकीची डी वर टाका. आणि सेव्ह करत जा की हो, ४७ फोटो होईपर्यंत थांबता कशाला.

फ्लेक्सवाला_सांगली:
केलं. सी वर १, डी वर ७. कमिटेड आता ९.४ / १५.९ दाखवतंय, म्हणजे बंद ठेवली असती तर आत्ताच उडालं असतं. डी जुनी हार्डडिस्क आहे, बॅनर झूम केला की जरा अडखळतं पण बंद पडत नाही. पुढच्या महिन्यात अजून ८ ची रॅम टाकतो. भाच्याला ही चर्चा वाचायला दिलीय, गप बसलाय. बॅनर परत पहिल्यापासून करतोय, आणि तोवर कार्यकर्ते ५२ झालेत.