लघवीत काही सापडलं नाही, तरी चार वर्षं बंदी?

भाट्याचा_पळपुट्या: सकाळी भाट्याचा पूल पळून आलो आणि टपरीवर यावरून वाजलंच. माझं म्हणणं, इपीओ, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारं, खेळात बंदी असलेलं औषध, लघवीत सापडलं तरच खेळाडूला धरा. नुसत्या रक्ताच्या आकड्यांवरून चार वर्षं घरी बसवायचं? फिनलंडचा स्कीपटू ईरो मँतीरांता, त्याचं हिमोग्लोबिन जनुकातल्या बदलामुळे मुळातच वीसच्या वर होतं. तो काय चोर?

चिपळूण_सायकल: पासपोर्ट, म्हणजे खेळाडूच्या रक्ताच्या आकड्यांची वेळोवेळी ठेवलेली नोंद, तुला तुझ्याशीच ताडून बघतो रे. मँतीरांताचं कायम वीस असेल, तर वीस हेच त्याचं नेहमीचं. लघवीच्या भरवशावर राहायचं तर थोडं थोडं टोचून घेणाऱ्याचं औषध दोनेक दिवसांत गायब. लघवीची चाचणी सिडनी 2000 ऑलिंपिकपासून आहे, तरी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्स शर्यतीची जेतेपदं गेली थेट 2012 मध्ये! त्याआधी 1997 ला सायकलिंगवाल्यांनी हिमॅटोक्रिटला, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्याला, 50 टक्क्यांची मर्यादा घातली, तर मंडळी जरा खाली राहून खुशाल टोचत होती. म्हणून 2008 ला पासपोर्ट आणला.

मालवणी_घाम: आमच्या मालवणात मे म्हयन्यात दहा किलोमीटर धावलंय तर गंजी पिळून बादली भरता. घाम गेलो की रगात दाट. आकडो वर गेलो तर माका चोर म्हणतले?

चिपळूण_सायकल: पळून आल्या आल्या रक्त घेत नाहीत, आधी बराच वेळ जाऊ देतात, मग दहा मिनिटं बसवून घेतात. शिवाय रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच सुटलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, टक्क्यांत मोजतात. घामाने टक्का हलत नाही. इपीओ चालू असताना तो चढतो, बंद केलं की पडतो, आणि हिमोग्लोबिन मात्र वरच. ही उलटी जोडी घामातून येत नाही.

भाट्याचा_पळपुट्या: घामाचं पटलं. पण पासपोर्ट तपासणाऱ्या तज्ज्ञांनी ठपका ठेवला तर लवादात लढायला आपल्या पोराकडे पैसे कुठले?

फ्रीजमधली_सुई: मध्येच बोलते. आईचं डायलिसिस चालू आहे. तिची मूत्रपिंडं इपीओ बनवत नाहीत, म्हणून इंजेक्शन. आमच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे असतं. हिमोग्लोबिन साडेअकराच्या पुढे गेलं की डॉक्टर डोस कमी करतात, गुठळीची भीती. आणि वाडीतला एक पळणारा विचारतो, "ताई, एखादी सुई उरते का?"

मालवणी_घाम: दिलास नाय मां?

फ्रीजमधली_सुई: चहा दिला. कप विसळून ठेवायला लावला आणि पाठवला घरी.